भ्रष्टाचारप्रतिबंधक यंत्रणा, औरंगाबाद (छत्रपती संभाजीनगर) शहरातील

सार्वजनिक पद धारण करणाऱ्या व्यक्तीने त्या पदाचा खाजगी लाभासाठी उपयोग केल्यास तो शोधून काढणारी, त्याची चौकशी करणारी आणि दोषी व्यक्तीस न्यायालयापुढे किंवा खात्यांतर्गत कारवाईपुढे उभी करणारी शासकीय अथवा वैधानिक व्यवस्था म्हणजे भ्रष्टाचारप्रतिबंधक यंत्रणा होय. औरंगाबाद शहरापुरते असे एकच स्वतंत्र कार्यालय केव्हाही अस्तित्वात नव्हते. हे काम राज्य शासनाचा लाचलुचपत प्रतिबंधक विभाग, लोकायुक्त, महानगरपालिकेचा मुख्य लेखापरीक्षक आणि अलीकडच्या काळात माहिती आयोग यांच्यात विभागले गेले आहे. प्रस्तुत लेखात ह्या व्यवस्थेची ऐतिहासिक वाढ आणि तीत वारंवार उपस्थित झालेला निधीचा व स्वायत्ततेचा प्रश्न यांचे विवेचन केले आहे. शहराचे नाव २०२३ मध्ये छत्रपती संभाजीनगर असे झाले. त्यापूर्वीच्या घटनांच्या वर्णनात तत्कालीन नाव कायम ठेवले आहे.

पूर्वपीठिका : राज्याचे उत्पन्न गोळा करणाऱ्यांवर देखरेख कोणी ठेवावी, हा प्रश्न भारतीय राज्यशास्त्रात प्राचीन आहे. कौटिल्याने अर्थशास्त्रात राजद्रव्याच्या अपहाराचे चाळीस मार्ग सांगितले आहेत. एका खात्यावर अनेक प्रमुख असावेत व ते कायमचे नसावेत, असे त्याचे मत होते. अपहाराची खबर देऊन तो सिद्ध करणाऱ्या सूचकास त्या रकमेचा सहावा हिस्सा द्यावा, अशीही तरतूद त्याने केली आहे. म्हणजे देखरेखीचे काम फुकट होत नाही आणि ते ज्याच्यावर देखरेख ठेवावयाची त्याच्या मर्जीवर सोपवून चालत नाही, ह्या दोन्ही गोष्टी त्याने ओळखल्या होत्या.

मलिक अंबरने १६१० मध्ये वसविलेल्या खडकी ह्या गावाचे पुढे औरंगाबाद झाले. औरंगजेबाच्या दख्खनच्या दुसऱ्या सुभेदारीपासून ते मोगलांच्या दक्षिणेतील कारभाराचे प्रमुख ठाणे बनले. मोगल प्रशासनात सुभेदाराकडे लष्कर व सुव्यवस्था, तर दिवाणाकडे महसूल व खर्च अशी विभागणी होती. दिवाण सुभेदाराच्या हाताखालचा नसे. त्याची नेमणूक बादशाहाकडून होई. याखेरीज प्रत्येक सुभ्यात घडणाऱ्या घटनांचे वृत्त दरबारास कळविणारा वाकेनवीस असे. तो स्थानिक अधिकाऱ्यांशी संगनमत करण्याचा संभव लक्षात घेऊन त्याच्यावर लक्ष ठेवणारा सवानेहनवीस आणि गुप्तपणे बातमी देणारा खुफियानवीस असे आणखी वृत्तलेखक नेमले जात. त्यांचे कागद डाकचौकीमार्फत थेट दरबारी जात. ही व्यवस्था लोकहितासाठी नव्हे, तर राजसत्तेच्या हितासाठी होती. तथापि वृत्तलेखकाचे वेतन व त्याचा अहवाल या दोन्ही बाबी सुभेदाराच्या आटोक्याबाहेर ठेवण्याचे तत्त्व तीत स्पष्ट दिसते.

मराठ्यांच्या कारभारातही हेच तत्त्व निराळ्या रूपात आढळते. पेशवाईत मामलेदाराच्या जोडीला फडणीस, मुजुमदार, दप्तरदार, पोतनीस इ. दरखदार असत. मामलेदारास त्यांना परस्पर दूर करता येत नसे. त्यासाठी हुजुराची आज्ञा लागे. त्यामुळे मामलेदाराच्या हिशेबावर त्याच्याच कचेरीत बसलेला, पण त्याचा मिंधा नसलेला माणूस नजर ठेवीत असे.

निजामी राजवट : आसफजाही राज्याची राजधानी १७६३ मध्ये औरंगाबादहून हैदराबादला गेली आणि शहराचा कारभार दूरच्या दरबाराच्या हाती राहिला. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात महसुलाची वसुली प्रामुख्याने मक्त्याने दिली जाई. तालुकदारांस ठराविक पगार नसे. वसूल झालेल्या प्रत्येक रुपयामागे दोन आणे ते स्वतःकडे ठेवीत. अशा पद्धतीत कायदेशीर मोबदला व लाच यांतील सीमारेषा पुसट होणे अपरिहार्य होते.

पहिला सालारजंग (दिवाणगिरी १८५३–८३) याने मक्तेदारी मोडून पगारी अधिकारी नेमण्यास सुरुवात केली व १८६५ च्या जिल्हाबंदीने संस्थानाची जिल्ह्यांत पुनर्रचना केली. औरंगाबाद हे जिल्ह्याचे व सुभ्याचे मुख्य ठिकाण झाले. पगारी नोकरशाही ही भ्रष्टाचारप्रतिबंधाची पहिली पायरी होय. कारण ज्याला राज्य पगार देते त्यालाच राज्य पगाराबाहेरील प्राप्तीविषयी जाब विचारू शकते. मात्र हा जाब विचारणारी स्वतंत्र संस्था सालारजंगाने उभारली नाही. देखरेख ही वरिष्ठाने कनिष्ठावर ठेवावयाची गोष्ट राहिली.

सप्टेंबर १९४८ मध्ये हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्यानंतर, १९५० मध्ये तेथे लोकसेवकांच्या चौकशीसाठी न्यायाधिकरण स्थापन करणारा कायदा करण्यात आला. सरकारी नोकरावरील आरोपांची चौकशी त्याच्याच खात्याबाहेरील मंडळाकडे सोपविण्याची ही कल्पना मराठवाड्यास नवी होती. न्यायाधिकरणाचा निष्कर्ष शिफारशीच्या स्वरूपाचा असे. अंतिम निर्णय शासनाकडेच राही.

कायद्याची व विभागाची स्थापना : ब्रिटिश भारतात लाचेचा गुन्हा १८६० च्या भारतीय दंडसंहितेतील नवव्या प्रकरणात समाविष्ट होता आणि त्याचा तपास सर्वसाधारण पोलीस करीत. दुसऱ्या महायुद्धात युद्धसामग्रीच्या खरेदीत मोठे गैरव्यवहार होऊ लागल्यामुळे १९४१ मध्ये केंद्र सरकारने विशेष पोलीस विभाग निर्माण केला. पुढे १९४६ चा दिल्ली विशेष पोलीस आस्थापना अधिनियम व १९४७ चा भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम हे दोन कायदे झाले. १९४७ च्या कायद्याने पुराव्याच्या बाबतीत महत्त्वाचा बदल केला. लोकसेवकाने वेतनाव्यतिरिक्त रक्कम स्वीकारल्याचे सिद्ध झाल्यास ती लाच म्हणूनच स्वीकारली, असे न्यायालयाने गृहीत धरावयाचे व त्याविरुद्ध सिद्ध करण्याचा भार आरोपीवर टाकावयाचा, अशी तरतूद त्यात होती.

मराठवाड्याचे पाच जिल्हे १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्विभाषिक मुंबई राज्यात आले. त्यानंतर वर्षभराने, २६ नोव्हेंबर १९५७ रोजी, मुंबई राज्याने लाचलुचपत प्रतिबंधक विभाग स्थापन केला. महाराष्ट्र राज्याच्या निर्मितीनंतर (१९६०) हा विभाग गृहखात्याच्या नियंत्रणाखाली चालू राहिला. महासंचालक हा त्याचा प्रमुख असून औरंगाबाद हे त्याच्या परिक्षेत्रांपैकी एकाचे मुख्यालय झाले. औरंगाबाद, जालना, बीड व उस्मानाबाद (धाराशिव) हे जिल्हे ह्या परिक्षेत्रात, तर मराठवाड्याचे उर्वरित जिल्हे नांदेड परिक्षेत्रात मोडतात. विभागाचे अधिकारी व कर्मचारी प्रायः पोलीस दलातून ठराविक काळासाठी येतात आणि पुन्हा त्याच दलात परत जातात. स्वतःचा कायमचा सेवकवर्ग नसणे, हा ह्या रचनेचा एक मूलभूत विशेष होय.

केंद्रीय पातळीवर १९६२ मध्ये नेमलेल्या संथानम समितीने १९६४ मध्ये अहवाल दिला व तिच्या शिफारशीनुसार केंद्रीय दक्षता आयोग अस्तित्वात आला. १९४७ च्या कायद्याची जागा १९८८ च्या भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियमाने घेतली. विशेष न्यायाधीश, विशिष्ट दर्जाच्या अधिकाऱ्यानेच तपास करण्याचे बंधन व लाचेच्या गृहीतकाची तरतूद ही त्याची मुख्य अंगे आहेत.

कार्यपद्धती : विभागाच्या कामाचे ठळक प्रकार तीन आहेत : सापळा, अपसंपदेचा तपास व चौकशी. सापळ्याचे काम तक्रारदाराच्या फिर्यादीवरून सुरू होते. लाचेची मागणी खरोखर झाली आहे काय, याची प्रथम पंचांसमक्ष पडताळणी करतात. पंच बहुधा दुसऱ्या सरकारी कार्यालयातील कर्मचारी असतात. तक्रारदाराने आणलेल्या नोटांचे क्रमांक पंचनाम्यात नोंदवून त्यांस अँथ्रासीनची भुकटी लावतात. ही भुकटी साध्या प्रकाशात दिसत नाही. जंबुपार किरणांच्या दिव्याखाली मात्र निळसर चमकते. रक्कम स्वीकारली गेल्याची खूण मिळताच पथक आत शिरते आणि आरोपीचे हात व कपडे दिव्याखाली तपासून दुसरा पंचनामा करते. रक्कम पुरावा म्हणून जप्त होते.

खटला मात्र केवळ नोटा सापडल्याने सिद्ध होत नाही. मागणी व स्वीकार ह्या दोन्ही गोष्टी शाबीत व्हाव्या लागतात. खटला उभा राहीपर्यंत तक्रारदार मरण पावला किंवा फितूर झाला, तर पूर्वी अनेक खटले कोसळत. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नीरज दत्ता खटल्यात (डिसेंबर २०२२) अशा परिस्थितीत इतर साक्षीपुराव्यावरून व परिस्थितिजन्य पुराव्यावरूनही मागणी सिद्ध करता येते, असा निर्वाळा दिला.

सापळ्याच्या पद्धतीस एक अंगभूत मर्यादा आहे. ज्या ठिकाणी नागरिक व कर्मचारी समोरासमोर येतात, तेथेच ती उपयोगी पडते. फेरफाराची नोंद, परवाना, दाखला यांसाठी मागितलेली रक्कम सापळ्यात सापडते. निविदेच्या अटी बदलणे, जमिनीचे आरक्षण उठविणे, कामाच्या अंदाजपत्रकात वाढ करणे हे व्यवहार कागदावर घडतात आणि त्यांत तक्रारदार नसतो. कारण देणारा व घेणारा असे दोघेही संतुष्ट असतात. अशा प्रकरणांचा शोध घेण्यास लेखापाल, अभियंते व मूल्यमापक यांची गरज असते. जलसंपदा खात्याच्या प्रकल्पांतील खर्चवाढीच्या बाबतीत हे प्रकर्षाने दिसून आले. मराठवाड्यातील प्रकल्प पाहणाऱ्या गोदावरी मराठवाडा पाटबंधारे विकास महामंडळाचे मुख्यालय औरंगाबादेत आहे. राज्यातील सिंचन प्रकल्पांच्या तपासणीसाठी ज्येष्ठ जलतज्ज्ञ माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली २०१२ च्या अखेरीस विशेष पथक नेमले गेले व त्याने २०१४ मध्ये अहवाल सादर केला. तांत्रिक छाननी प्रथम तज्ज्ञांच्या पथकाने केली. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाची उघड चौकशी त्यानंतर सुरू झाली आणि तीही शासनाच्या परवानगीने.

परवानगीचा प्रश्न : खटला दाखल करण्यापूर्वी सक्षम प्राधिकाऱ्याची मंजुरी घेण्याची अट १९४७ च्या कायद्यापासून चालत आली आहे. प्रामाणिक अधिकाऱ्यास खोडसाळ फिर्यादीपासून संरक्षण मिळावे, हा तिचा हेतू होय. सर्वोच्च न्यायालयाने १९८४ मध्ये रा. श्री. नायक विरुद्ध अ. र. अंतुले ह्या प्रकरणात, ज्या पदाचा दुरुपयोग झाला ते पद आरोपीकडे राहिले नसल्यास मंजुरीची आवश्यकता नाही, असे ठरविले. २०१८ च्या दुरुस्तीने हे संरक्षण सेवानिवृत्तांपर्यंत वाढविले. त्याच दुरुस्तीने कलम १७-अ घालून, अधिकाराच्या वापरात केलेली शिफारस किंवा घेतलेला निर्णय यांविषयी चौकशी सुरू करण्यासही पूर्वसंमतीची अट घातली. घटनास्थळी रंगेहाथ पकडण्याची प्रकरणे तीतून वगळली. परिणामी सापळ्यात सापडणारा कर्मचारी विनासंमती पकडता येतो. फाईलवर निर्णय घेणाऱ्याची चौकशी मात्र संमती मिळेपर्यंत थांबते. मंजुरीसाठी तीन महिन्यांची व फार तर आणखी एक महिन्याची मुदत त्या दुरुस्तीत घातली आहे.

लोकायुक्त : स्वीडनमध्ये १८०९ पासून असलेल्या ओम्बुड्समन ह्या पदाच्या धर्तीवर नागरिकांच्या गाऱ्हाण्यांची दाद घेणारी संस्था भारतातही असावी, अशी शिफारस प्रशासकीय सुधारणा आयोगाने १९६६ मध्ये केली. तिला अनुसरून महाराष्ट्राने १९७१ मध्ये लोकायुक्त व उप-लोकायुक्त अधिनियम संमत केला. तो २५ ऑक्टोबर १९७२ पासून अंमलात आला आणि अशी संस्था प्रत्यक्ष स्थापन करणारे महाराष्ट्र हे देशातील पहिले राज्य ठरले. लोकायुक्ताची नेमणूक राज्यपालांनी उच्च न्यायालयाच्या मुख्य न्यायाधीशांचा व विरोधी पक्षनेत्याचा सल्ला घेऊन पाच वर्षांसाठी करावयाची होती. त्यास सहजासहजी दूर करता येणार नाही, अशीही व्यवस्था होती.

नेमणूक व मुदत या बाबतीत हे पद अशा रीतीने सुरक्षित होते. पण त्याच्या हाती कृतीची साधने अपुरी होती. स्वतःचे तपासपथक नसल्याने शासनाच्या संमतीने शासनाच्याच अधिकाऱ्यांकडून तपास करून घ्यावा लागे. निष्कर्ष सक्षम प्राधिकाऱ्याकडे शिफारस म्हणून जाई. तीन महिन्यांत समाधानकारक कारवाई न झाल्यास राज्यपालांकडे विशेष अहवाल पाठवावयाचा व तो विधिमंडळापुढे ठेवावयाचा, एवढाच पुढचा उपाय होता. मुख्यमंत्री ह्या कायद्याच्या कक्षेबाहेर होते.

राळेगण सिद्धी येथील अण्णा हजारे यांच्या २०११ मधील उपोषणानंतर केंद्रात २०१३ चा लोकपाल व लोकायुक्त अधिनियम संमत झाला. राज्यांनी वर्षभरात लोकायुक्तविषयक कायदा करावा, असे त्यात म्हटले होते. महाराष्ट्राच्या विधानसभेने डिसेंबर २०२२ मध्ये व विधान परिषदेने डिसेंबर २०२३ मध्ये नवे लोकायुक्त विधेयक संमत केले. त्यात मुख्यमंत्र्यांचा समावेश केला गेला. मात्र त्यांच्या चौकशीसाठी विधानसभेच्या दोन-तृतीयांश सदस्यांच्या मान्यतेची अट ठेवण्यात आली.

महानगरपालिका व लेखापरीक्षा : शहरातील सार्वजनिक पैशाचा सर्वांत निकटचा रक्षक म्हणजे नगरसंस्थेचा लेखापरीक्षक होय. औरंगाबाद नगरपालिकेची स्थापना १९३६ मध्ये झाली. आसपासची १८ खेडी सामील करून ८ डिसेंबर १९८२ रोजी तिचे महानगरपालिकेत रूपांतर करण्यात आले. तीस १९४९ चा मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम (आता महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम) लागू झाला.

ह्या कायद्याने कार्यकारी सत्ता आयुक्ताकडे दिली व आयुक्ताची नेमणूक राज्य शासनाकडे ठेवली. मुख्य लेखापरीक्षकाची नेमणूक मात्र महानगरपालिकेने, म्हणजे निर्वाचित सभागृहाने करावयाची आहे. त्याने दर आठवड्यास हिशेब तपासून आपला अहवाल स्थायी समितीस द्यावयाचा असतो. ज्याने खर्च केला त्या आयुक्ताच्या हाताखाली हिशेब तपासणारा असू नये, हा ह्या योजनेचा गाभा आहे. पेशवाईतील दरखदाराशी तिचे नाते उघड दिसते.

तथापि ही योजना दोन ठिकाणी दुबळी आहे. पहिली उणीव अशी, की स्थायी समिती केवळ हिशेबांची परीक्षक नसते. मोठ्या निविदा व करार तिच्याच मान्यतेने होतात. तिच्या स्वतःच्या निर्णयावरील आक्षेपही तिच्याकडेच जातो. दुसरी उणीव सभागृह नसताना प्रकट होते. औरंगाबाद महानगरपालिकेची पहिली निवडणूक १९८८ मध्ये झाली. तोपर्यंतची सहा वर्षे कारभार प्रशासकाकडे होता. पुन्हा एप्रिल २०२० मध्ये सभागृहाची मुदत संपल्यावर निवडणुका लांबल्या व अनेक वर्षे प्रशासकच कारभार पाहत होता. अशा काळात सभागृहाचे व स्थायी समितीचे अधिकार प्रशासकाच्या ठिकाणी एकवटतात. खर्च करणारा, त्यास मान्यता देणारा आणि लेखापरीक्षकाचा अहवाल स्वीकारणारा हे तिघे एकच होतात. कायद्यातील कलमे जशीच्या तशी राहतात, परंतु ज्या विभागणीवर ती उभी आहेत ती विभागणी नाहीशी होते.

शहराच्या वाढीमुळे ह्या उणिवेस अधिक महत्त्व आले. चिकलठाणा व वाळूज येथील औद्योगिक वसाहती, सिडकोच्या वसाहती आणि त्यांच्या भोवती गुंठ्यागुंठ्याने विकलेल्या जमिनींवरील वस्ती यांमुळे जमिनीच्या वापराविषयीचे निर्णय हे नगरप्रशासनाच्या हातातील सर्वांत मोलाचे अधिकार बनले. २००१ च्या गुंठेवारी अधिनियमाने अशी बांधकामे शुल्क घेऊन नियमित करण्याची वाट मोकळी केली. कोणते बांधकाम नियमित होईल आणि कोणते पडेल, हे जेथे अधिकाऱ्याच्या निर्णयावर अवलंबून असते, तेथे देखरेखीची गरज सर्वाधिक असते. जमापुस्तकात येणाऱ्या शुल्कावर लेखापरीक्षकाची नजर असते. जमापुस्तकात न येणाऱ्या रकमेपर्यंत त्याचे अधिकार पोहोचत नाहीत.

विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखालील तेराव्या वित्त आयोगाने (२०१०–१५) ह्या प्रश्नास प्रथमच पैशाची जोड दिली. स्थानिक संस्थांचे पदाधिकारी व कर्मचारी यांच्याविरुद्धच्या भ्रष्टाचाराच्या तक्रारींसाठी राज्याने स्वतंत्र तक्रारनिवारण अधिकारी नेमावा, ही अट कार्यसिद्धी अनुदानास लावली गेली. केरळने २००० पासून अशी स्वतंत्र संस्था चालविली आहे.

पूरक व्यवस्था : मुंबई उच्च न्यायालयाचे खंडपीठ औरंगाबाद येथे २७ ऑगस्ट १९८१ पासून बसू लागले व १९८४ मध्ये ते कायम झाले. त्यामुळे स्थानिक कारभाराविरुद्ध जनहित याचिका करण्यासाठी नागरिकास मुंबईस जाण्याचे कारण उरले नाही. राज्याच्या माहिती अधिकार कायद्यानंतर (२००२) केंद्राचा कायदा (२००५) आला व राज्य माहिती आयोगाचे एक खंडपीठ शहरात स्थापन झाले. निविदा, मोजमाप पुस्तिका व लेखापरीक्षेचे आक्षेप सामान्य नागरिकास पाहावयास मिळू लागले. २००५ च्या बदल्यांविषयीच्या कायद्याने शासकीय अधिकाऱ्यास एका पदावर सर्वसाधारणपणे तीन वर्षांची मुदत दिली. बदली हे बक्षीस किंवा शिक्षा म्हणून वापरले जाऊ नये, हा त्यामागील एक उद्देश होता.

इतर ठिकाणचे अनुभव : न्यूयॉर्क शहरात ट्वीड टोळीचा गैरव्यवहार उघडकीस आल्यानंतर १८७३ मध्ये शहराच्या हिशेबांची तपासणी करणारे आयुक्तपद निर्माण झाले. त्यातूनच तेथील अन्वेषण विभाग विकसित झाला. हाँगकाँगमध्ये भ्रष्टाचारविरोधी शाखा मूळ पोलीस दलातच होती. पीटर गॉडबर हा वरिष्ठ पोलीस अधिकारी चौकशी चालू असताना १९७३ मध्ये देश सोडून निसटला. तेव्हा १९७४ मध्ये पोलिसांपासून अलग, थेट गव्हर्नरास जबाबदार असा आयोग स्थापन करण्यात आला. अन्वेषण, प्रतिबंध व लोकशिक्षण अशी त्याची तीन अंगे आहेत. न्यू ऑर्लीन्स शहराने २००८ मध्ये मतदारांच्या कौलाने आपल्या सनदेत दुरुस्ती केली आणि शहराच्या सर्वसाधारण निधीचा पाऊण टक्का भाग महानिरीक्षक व नीतिविषयक मंडळ यांच्यासाठी राखून ठेवला. त्यामुळे चौकशीने दुखावलेल्या नगरपरिषदेस महानिरीक्षकाचा निधी तोडणे अशक्य झाले.

शेजारच्या कर्नाटकाचे उदाहरण अधिक बोधप्रद आहे. तेथील १९८४ च्या कायद्यानुसार लोकायुक्ताच्या हाताखाली पोलीस दल होते आणि खाणींतील गैरव्यवहारांविषयीचा न्यायमूर्ती संतोष हेगडे यांचा २०११ चा अहवाल त्या बळावर तयार झाला. २०१६ मध्ये राज्य शासनाने निराळा भ्रष्टाचारविरोधी विभाग काढून तपासाचे अधिकार त्याच्याकडे वळविले. ऑगस्ट २०२२ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने तो विभाग रद्द करून लोकायुक्ताच्या पोलिसांचे अधिकार पूर्ववत केले. संस्था रद्द न करताही तिचे हातपाय काढून घेता येतात, हे ह्यावरून स्पष्ट होते.

मूल्यमापन : वरील इतिहासावरून भ्रष्टाचारप्रतिबंधक यंत्रणेची स्वायत्तता चार गोष्टींवर अवलंबून असल्याचे दिसते : तिच्या प्रमुखास कोण नेमतो, तिचा खर्च कोण मंजूर करतो, चौकशीस परवानगी कोण देतो आणि अहवाल कोणाच्या हाती जातो. ह्यांपैकी एकही सूत्र देखरेखीखालील व्यक्तीच्या हाती राहिल्यास उरलेल्या तिहींचे बळ कमी होते. महाराष्ट्रात १९७१ च्या कायद्याने लोकायुक्ताची नेमणूक सुरक्षित केली, परंतु त्यास तपासपथक दिले नाही. लाचलुचपत प्रतिबंधक विभागास तपासपथक आहे. पण त्याचे मनुष्यबळ, निधी व मोठ्या प्रकरणांतील परवानगी शासनाकडे आहे. महानगरपालिकेच्या लेखापरीक्षकास दर आठवड्यास कागद पाहण्याचा अधिकार आहे, परंतु त्याचा आक्षेप ज्याच्याकडे जातो तोच अनेकदा आक्षेपाचा विषय असतो. तिन्ही संस्थांजवळ एकेक बळ असून ते एकत्र आलेले नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या २००३ च्या भ्रष्टाचारविरोधी करारात प्रतिबंधक संस्थांस आवश्यक ती स्वायत्तता, साधनसामग्री व प्रशिक्षित सेवकवर्ग द्यावा, असे म्हटले आहे. भारताने ह्या करारास २०११ मध्ये मान्यता दिली. २०१२ च्या जाकार्ता निवेदनात प्रमुखाची निश्चित मुदत, पुरेसा व खात्रीचा निधी आणि सेवकवर्गावरील स्वतःचे नियंत्रण ही तत्त्वे नमूद केली आहेत. औरंगाबादसारख्या शहराच्या संदर्भात ह्या तत्त्वांचा अर्थ फार गुंतागुंतीचा नाही. लेखापरीक्षा कार्यालयाचा खर्च अंदाजपत्रकाच्या ठराविक प्रमाणात कायद्यानेच बांधून देणे, सभागृह अस्तित्वात नसताना लेखापरीक्षकाचा अहवाल प्रशासकाऐवजी बाहेरील स्वतंत्र प्राधिकाऱ्याकडे जाईल व तो प्रसिद्ध होईल अशी तरतूद करणे, परिक्षेत्रीय कार्यालयास लेखापाल व अभियंते यांचा कायम सेवकवर्ग देणे आणि मंजुरीची मुदत टळल्यास ती मिळाली असे मानणे, हे उपाय प्रचलित कायद्यांत दुरुस्ती करून अंमलात आणण्यासारखे आहेत.

स्वायत्ततेबरोबर उत्तरदायित्वाचाही विचार आवश्यक आहे. कोणासही जबाबदार नसलेला चौकशी अधिकारी हा स्वतःच भ्रष्टाचाराचे नवे स्थान बनू शकतो. वाकेनवीसावर सवानेहनवीस नेमण्याची पाळी मोगलांवर आली, ती याच कारणाने. म्हणून हाँगकाँगच्या आयोगावर नागरिकांच्या सल्लागार समित्यांची देखरेख ठेवण्यात आली आहे. न्यायालयीन पुनर्विलोकन, वार्षिक अहवालाची प्रसिद्धी व माहितीचा अधिकार ही भारतातील त्याच हेतूची साधने होत. सुभेदाराच्या शहरात वृत्तलेखकाचा कागद थेट दरबारी जात असे. लोकशाहीत दरबाराची जागा नागरिकांनी घेतली आहे. हिशेब तपासणाऱ्याचा कागद त्यांच्यापर्यंत अडथळ्यावाचून पोहोचतो की नाही, यावर शहरातील भ्रष्टाचारप्रतिबंधक यंत्रणेचे यश अवलंबून आहे.